ॲलेक्स स्मिथ: चांगला खेळत असताना दोनदा जागा गमावलेला क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉलमध्ये दर वर्षी एप्रिलच्या सुमारास ड्राफ्ट होतो. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू व्यावसायिक संघ आळीपाळीने निवडतात आणि आदल्या हंगामात सगळ्यांत वाईट ठरलेल्या संघाला पहिला नंबर मिळतो. २३ एप्रिल २००५ रोजी तो नंबर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा होता. आदल्या हंगामातल्या सोळा सामन्यांपैकी त्यांनी फक्त दोन जिंकले होते. त्यांनी यूटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ निवडला. त्याला एकविसावं वर्ष लागून अजून वर्षही झालं नव्हतं. सहा वर्षांचा करार झाला, सुमारे ४ कोटी ९५ लाख डॉलर्सचा, आणि त्यातले २ कोटी ४० लाख हमीचे.

सोळा वर्षांनी, एप्रिल २०२१ मध्ये, तो निवृत्त झाला. या काळात तो तीन संघांकडून खेळला. तो वाईट खेळत होता तेव्हा संघाने त्याला धरून ठेवलं, आणि चांगला खेळू लागल्यावर दोनदा त्याची जागा दुसऱ्याला दिली. हे असं का झालं, त्यात खेळाडूचा भाग किती आणि त्याच्या आजूबाजूच्या लोकांचा किती, हे तपासण्यासाठी हे प्रकरण मला फार मोलाचं वाटतं.

हा खेळ फारसा न पाहिलेल्यांसाठी आधी थोडं सांगायला हवं. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांत क्वार्टरबॅक एकच असतो. चेंडू त्याच्या हाती येतो आणि साधारण अडीच-तीन सेकंदांत त्याला ठरवावं लागतं की तो कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हाती द्यायचा, की स्वतःच घेऊन पळायचं. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं त्याला पाडायला धावत येत असतात. क्रिकेट संघात यष्टिरक्षकाची जागा एकच असते आणि दुसरा कितीही चांगला असला तरी बाहेर बसतो, तसंच इथेही आहे. फरक इतकाच की इथे सामना जिंकला किंवा हरला की तो थेट क्वार्टरबॅकच्या खात्यावर मांडतात. गोलंदाजाच्या नावापुढे बळी लिहावेत तशी त्याच्या नावापुढे विजय-पराजयाची नोंद असते.

यूटामधून सॅन फ्रान्सिस्कोत

स्मिथ सॅन दिएगोच्या परिसरात वाढला. हेलिक्स हायस्कूलच्या संघात रेजी बुश त्याचा सहकारी होता, पुढे तोही मोठा खेळाडू झाला. यूटामध्ये अर्बन मायर यांच्या हाताखाली स्मिथने २००४ चा हंगाम बारापैकी बारा सामने जिंकून संपवला. अभ्यासातही तो तेज होता, अर्थशास्त्राची पदवी त्याने दोन वर्षांत मिळवली होती.

पण मायर यांची पद्धत वेगळी होती. तिथे क्वार्टरबॅक चेंडू देणाऱ्यापासून काही यार्ड मागे उभा राहायचा, मैदान पसरलेलं असायचं आणि समोरचं चित्र मोकळं दिसायचं. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, त्या वेळी बहुतेक संघ क्वार्टरबॅकला चेंडू देणाऱ्याच्या अगदी पाठीशी उभं करत. चेंडू हातात घेऊन तीन, पाच किंवा सात पावलं मागे जायचं आणि शेवटच्या पावलाबरोबर निर्णय घ्यायचा, अशी ती शिस्त होती. स्मिथला ही पावलं नव्याने शिकायची होती, आणि ती त्याने प्रत्यक्ष सामन्यांत शिकावीत अशी संघाची इच्छा होती. ऑक्टोबर २००५ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध तो पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. त्या दिवशी त्याचे चार पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले आणि संघ २८-३ ने हरला. पहिल्या हंगामाअखेर त्याच्या नावावर टचडाउनचा, म्हणजे गोलरेषेपलीकडे पोहोचून गुण मिळवून देणारा, १ पास होता आणि इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास, ११.

त्याच ड्राफ्टमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचा आणखी एक क्वार्टरबॅक होता, ॲरन रॉजर्स. फोर्टीनाइनर्सनी त्याला वगळलं. तो चोविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि ग्रीन बे पॅकर्सनी त्याला घेतलं. तिथे ब्रेट फाव्र नावाचा दिग्गज खेळत असल्याने रॉजर्स तीन वर्षं बाहेर बसून शिकला आणि २००८ मध्ये मैदानात उतरला. आज मागे वळून बघताना 'निवड चुकली' असं सहज म्हटलं जातं. रॉजर्सकडे देणगी जास्त होती, यात शंका नाही. पण त्याला तीन वर्षं मिळाली आणि स्मिथला चार सामने मिळाले, हेही मोजायला हवं.

सात हंगाम, सात पद्धती

स्मिथच्या सुरुवातीच्या अपयशाचं सगळ्यांत मोठं कारण मला त्याच्या हातात किंवा डोक्यात दिसत नाही. ते संघाच्या कचेरीत दिसतं.

प्रत्येक संघात मुख्य प्रशिक्षकाच्या खाली आक्रमणाची आखणी करणारा एक वेगळा प्रशिक्षक असतो, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. स्मिथच्या वाट्याला आलेले कोऑर्डिनेटर असे: २००५ मध्ये माइक मॅकार्थी, २००६ मध्ये नॉर्व्ह टर्नर, २००७ मध्ये जिम हॉस्टलर, २००८ मध्ये माइक मार्ट्झ, २००९ मध्ये जिमी रे. २०१० च्या हंगामात रे यांना अर्ध्यात काढलं आणि माइक जॉन्सन आले. २०११ मध्ये ग्रेग रोमन आले. सात हंगामांत सात जण.

हा बदल क्वार्टरबॅकला किती महागात पडतो ते बाहेरून कळत नाही. प्रत्येक चालीआधी प्रशिक्षक हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवरून त्याला चाल सांगतो. ती दहा-बारा शब्दांची सांकेतिक ओळ असते. कोण कुठे उभा राहील, बचावपटूंना कसं अडवायचं, चेंडू झेलणाऱ्यांनी कुठल्या वाटेने पळायचं, सगळं त्यात असतं. क्वार्टरबॅकने ती ऐकायची, उरलेल्या दहा जणांना जशीच्या तशी सांगायची आणि मग समोरच्या संघाची मांडणी बघून गरज पडली तर बदलायचीही. मॅकार्थींच्या पद्धतीत धावण्याच्या वाटांना नावं होती, टर्नर यांच्या पद्धतीत आकडे होते. नवा कोऑर्डिनेटर आला की पाठ केलेलं पुसायचं, पावलांचा ताल बदलायचा आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची. तीन सेकंदांत निर्णय घ्यायचा असतो तेव्हा शब्द आठवण्यात गेलेला अर्धा सेकंदही फार असतो.

टर्नर यांच्यासोबतचा २००६ चा हंगाम बरा गेला. स्मिथ सोळाही सामने खेळला, १६ टचडाउन आणि १६ इंटरसेप्शन अशी नोंद झाली, संघाने सात सामने जिंकले. आता हा मुलगा रुळतोय असं वाटत असतानाच टर्नर सॅन दिएगोचे मुख्य प्रशिक्षक म्हणून निघून गेले. मॅकार्थी तर त्याआधीच ग्रीन बेला मुख्य प्रशिक्षक झाले होते. तिथे त्यांना रॉजर्स मिळाला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्या दोघांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

सप्टेंबर २००७ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्धच्या सामन्यात, सुरुवातीच्याच काही चालींत, स्मिथचा उजवा खांदा निखळला. फेकण्याचाच हात. तो काही आठवड्यांत परतला, पण पास पोहोचेनात. दुखापत किती गंभीर आहे यावरून मुख्य प्रशिक्षक माइक नोलन आणि त्याच्यात उघड मतभेद झाले. अखेर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी त्याच खांद्याने पुन्हा दगा दिला आणि २००८ चा अख्खा हंगाम गेला. ऑक्टोबर २०१० मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध घरच्या मैदानावर प्रेक्षक राखीव क्वार्टरबॅक डेव्हिड कार याच्या नावाने ओरडू लागले. मुख्य प्रशिक्षक माइक सिंगलटरी आणि स्मिथ यांची मैदानाच्या कडेला सगळ्यांसमोर खडाजंगी झाली. त्या हंगामातले पहिले पाचही सामने संघ हरला होता. प्रेक्षकांच्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाचा हा खेळाडू तिथेच संपला होता.

२०११: तोच माणूस, वेगळी व्यवस्था

२०११ मध्ये जिम हारबॉ मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. ते स्वतः एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक होते. त्या वर्षी खेळाडू आणि मालक यांच्यातल्या वादामुळे उन्हाळ्यात टाळेबंदी होती. प्रशिक्षकांना खेळाडूंशी बोलायलाही मनाई होती. करार संपलेल्या स्मिथने त्या काळात सहकाऱ्यांना एकत्र करून स्वतःच सराव शिबिर भरवलं आणि हारबॉंची नवी पद्धत त्यांना समजावली. तेव्हा तो कागदोपत्री संघात नव्हताही. नंतर एक वर्षाचा साधा करार झाला.

हंगामात संघाने सोळापैकी तेरा सामने जिंकले. स्मिथने १७ टचडाउन पास टाकले आणि त्याचे फक्त ५ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. आदल्या वर्षीचा आणि या वर्षीचा स्मिथ एकच होता. त्याला काय येतं ते ओळखून आखणी करणारे आता भेटले होते. धावणाऱ्यांवर भर, घट्ट बचाव, आणि क्वार्टरबॅकने धोका न पत्करता चेंडू जपायचा.

१४ जानेवारी २०१२ चा न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्धचा प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, सामना मात्र या चौकटीत बसत नाही, आणि म्हणूनच तो पाहायला हवा. शेवटच्या चार-साडेचार मिनिटांत आघाडी चार वेळा बदलली. सव्वादोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ उरला असताना स्मिथ स्वतः चेंडू घेऊन डावीकडून २८ यार्ड पळाला आणि टचडाउन केलं. लगेच ड्रू ब्रीझने जिमी ग्रॅहमला पास टाकून सेंट्सना पुन्हा पुढे नेलं. मग स्मिथने व्हर्नन डेव्हिसला ४७ यार्डांचा लांब पास दिला, आणि ९ सेकंद उरली असताना गोलरेषेवर त्यालाच १४ यार्डांचा. दोन बचावपटूंच्या मधून गेलेला हा पास डेव्हिसने छातीशी धरला तेव्हा अंगावर माणूस आदळत होता. संघ ३६-३२ ने जिंकला. 'सुरक्षित खेळणारा' म्हणून हिणवलेला माणूस त्या दिवशी जोखमीचे पास टाकत होता. पुढच्या आठवड्यात न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध ते जादा वेळेत हरले, पंटवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी लाथेने लांब मारलेल्या चेंडूवर, झालेल्या दोन चुकांमुळे. सुपर बोल हुकला.

डोक्याला मार लागल्याचं सांगितलं आणि जागा गेली

२०१२ मध्ये तो आणखी चांगला खेळत होता. ऑक्टोबरअखेर ॲरिझोनाविरुद्ध त्याने १९ पैकी १८ पास पूर्ण केले. ११ नोव्हेंबरला सेंट लुइस रॅम्सविरुद्ध डोक्याला मार बसला. डोळ्यांपुढे अंधुक दिसत असतानाही त्याने टचडाउनचा पास टाकला आणि मग तो बाहेर गेला. निदान कंकशनचं, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्याचं, होतं. त्या दिवसापर्यंत हंगामात त्याचे ७० टक्क्यांहून जास्त पास पूर्ण होत होते, लीगमध्ये सर्वांत जास्त.

त्याच्या जागी दुसऱ्या वर्षातला कॉलिन केपर्निक आला. वेगवान, दमदार हाताचा. त्याने शिकागो बेअर्सना ३२-७ ने हरवलं. स्मिथ पुढे बरा झाला, डॉक्टरांनी परवानगी दिली, पण हारबॉंनी केपर्निकलाच ठेवलं. संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला आणि बाल्टिमोरकडून ३४-३१ ने हरला. तो संपूर्ण सामना स्मिथने कडेला उभं राहून पाहिला. त्याने तक्रारीचा सूर लावला नाही आणि केपर्निकला मदत करत राहिला.

खेळाच्या हिशेबाने हारबॉंचा निर्णय समर्थनीय होता. केपर्निकच्या पायांमुळे आक्रमणाला जी धार आली ती स्मिथला देता आली नसती. तरीही या निर्णयाची दुसरी बाजू मला फार गंभीर वाटते. त्याच वर्षी हजारो माजी खेळाडूंनी डोक्याच्या दुखापतींवरून एनएफएलविरुद्ध दावे लावले होते. मार लपवू नका, असं लीग खेळाडूंना सांगत होती. आणि ज्याने मैदान सोडलं त्याला परत जागा मिळाली नाही. ड्रेसिंग रूममधल्या पन्नासेक खेळाडूंनी यातून काय अर्थ काढला असेल ते वेगळं सांगायला नको.

कॅन्सस सिटी, आणि शेजारी बसलेला मुलगा

२०१३ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी त्याला घेतलं. आदल्या वर्षी चीफ्सनी फक्त दोन सामने जिंकले होते. नवे प्रशिक्षक अँडी रीड आणि स्मिथ आले आणि संघाने पहिले नऊ सामने सलग जिंकले. त्या वर्षी प्लेऑफमध्ये इंडियानापोलिसविरुद्ध ३८-१० अशी आघाडी घेऊन ते ४५-४४ ने हरले. स्मिथने ४ टचडाउन पास टाकले होते, इंटरसेप्शन शून्य. तरी विजय-पराजयाच्या रकान्यात तो पराभव त्याच्याच नावावर आहे.

कॅन्सस सिटीतल्या पाच वर्षांत त्याच्यासोबत संघाने ५० सामने जिंकले आणि २६ हरले. जानेवारी २०१६ मध्ये ह्यूस्टनला ३०-० ने हरवून चीफ्सनी बावीस वर्षांतला पहिला प्लेऑफ विजय मिळवला. टीकाही खरी होती. तो लांबचे पास टाळायचा. २०१४ च्या पूर्ण हंगामात चीफ्सच्या एकाही वाइड रिसीव्हरने (मैदानाच्या कडेने पळून पास झेलणाऱ्या खेळाडूने) टचडाउनचा पास झेलला नाही. साऱ्या कारकिर्दीत प्लेऑफचे दोनच सामने त्याने जिंकले, पाच हरले. संघाला आणखी वर जायचं होतं आणि स्मिथबरोबर ते वर किती जाणार हे दिसू लागलं होतं.

एप्रिल २०१७ मध्ये चीफ्सनी ड्राफ्टमध्ये सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर उडी घेतली आणि पॅट्रिक माहोम्सला निवडलं. आपली जागा घ्यायला हा आला आहे हे स्मिथला त्याच दिवशी कळलं. त्या वर्षी तो आयुष्यातलं सर्वोत्तम खेळला: ४,०४२ यार्ड, २६ टचडाउन, ५ इंटरसेप्शन आणि लीगमधलं सर्वांत वरचं पासर रेटिंग (पास टाकण्याच्या कामगिरीचा एकत्रित आकडा), १०४.७. त्याच वेळी तो माहोम्सला आठवड्याची तयारी कशी करायची, समोरच्या संघाची चित्रफीत कशी वाचायची हे दाखवत होता. माहोम्सने त्याचं श्रेय पुढे वारंवार जाहीरपणे दिलं आहे. माहोम्सला बसून शिकायला एक वर्ष मिळालं आणि शिकवणारा तोच होता, ज्याला स्वतःला असं वर्ष कधीच मिळालं नव्हतं. या प्रकरणातली माझ्या मते ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे.

जानेवारी २०१८ मध्ये चीफ्सनी त्याला वॉशिंग्टनला दिलं. दोन वर्षांनी माहोम्सने त्यांना सुपर बोल जिंकून दिला. निर्णय बरोबर होता, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

१८ नोव्हेंबर २०१८

वॉशिंग्टनने नऊपैकी सहा सामने जिंकले होते. ह्यूस्टन टेक्सन्सविरुद्धच्या सामन्यात करीम जॅक्सन आणि जे. जे. वॉट यांनी त्याला पाडलं आणि उजव्या पायाच्या नडगीची दोन्ही हाडं पिळवटून मोडली. हाड कातडीबाहेर आलं. बरोबर तेहतीस वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, वॉशिंग्टनचाच क्वार्टरबॅक जो थाइझमन याचा पाय असाच मोडला होता. थाइझमन त्या दिवशी स्टेडियममध्ये होता.

हाडं जोडली गेली, पण जखमेत मांस खाणारा जंतुसंसर्ग शिरला. ताप, रक्तदाब खाली, पाय काळा पडत चाललेला. डॉक्टरांनी एकामागून एक शस्त्रक्रिया करून सडलेलं मांस काढलं. पाय कापण्याचाही विचार झाला. जीव आधी, मग पाय, असा क्रम डॉक्टरांनी कुटुंबाला सांगितला होता. अखेर डाव्या मांडीतला स्नायू काढून उजव्या नडगीवर बसवला. एकूण सतरा शस्त्रक्रिया झाल्या. पुढे विशेष परवानगी घेऊन तो टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या लष्करी पुनर्वसन केंद्रात गेला. स्फोटात पाय जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी तिथे तयार झालेला कार्बन फायबरचा आधार त्याला मिळाला आणि त्यांच्यासोबतच त्याने व्यायाम केला. पुन्हा पळता येईल असं त्याला तिथे पहिल्यांदा वाटलं.

११ ऑक्टोबर २०२० रोजी, ६९३ दिवसांनी, तो पावसात मैदानात उतरला. लॉस एंजेलिस रॅम्सनी त्या दिवशी वॉशिंग्टनच्या क्वार्टरबॅक्सना पुन्हा पुन्हा पाडलं. ॲरन डॉनल्ड त्याच्या पाठीवर चढला होता तरी त्याने पाय रोवून तोल सावरायचा प्रयत्न केला. वॉशिंग्टन ३०-१० ने हरलं.

त्यानंतरच्या आठवड्यांत तो सुरुवातीपासून सहा सामने खेळला आणि संघाने पाच जिंकले. त्यात तोवर अजिंक्य असलेल्या पिट्सबर्गवरचा विजय होता आणि जुन्या फोर्टीनाइनर्सवरचाही. स्मिथ नसताना त्याच संघाने दोन जिंकले आणि आठ हरले. गंमत म्हणजे त्याचे स्वतःचे आकडे साधेच होते, ६ टचडाउन आणि ८ इंटरसेप्शन. ज्या रकान्याने सुरुवातीला त्याच्यावर अन्याय केला, तोच आता त्याला झुकतं माप देत होता, असंही म्हणता येईल. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. गडबडलेल्या तरुण संघाला चाल नीट सांगणारा, चुकीच्या ठिकाणी पास न टाकता चेंडू बाहेर फेकून देणारा आणि पुढच्या चालीसाठी शांतपणे उभा राहणारा कोणी तरी हवा होता. सात कोऑर्डिनेटरांच्या हाताखालून गेलेल्या माणसाकडे हे नक्कीच होतं. 'कमबॅक प्लेअर ऑफ द इयर' पुरस्कारासाठी पन्नासपैकी एकोणपन्नास मतं त्याला मिळाली.

मार्च २०२१ मध्ये वॉशिंग्टनने त्याला मोकळं केलं. आपण परत यावं अशी संघाची इच्छाच नव्हती, असं तो एका मुलाखतीत स्पष्ट बोलला होता. मोडलेल्या पायाच्या माणसाला मैदानात पाठवण्याची प्रशिक्षकांना वाटणारी भीती मी समजू शकतो. १९ एप्रिलला, छत्तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत ९९ विजय, ६७ पराभव, १ बरोबरी. त्याच्या जागी वॉशिंग्टनने रायन फिट्झपॅट्रिकला आणलं. पहिल्याच सामन्यात त्याच्या खुब्याला दुखापत झाली, तो पुन्हा खेळला नाही, आणि संघाने हंगाम ७ विजय आणि १० पराभवांवर संपवला.